विमान उडवतो पायलट, पण सोडतो कोण?

विरार-डहाणू लोकलच्या गर्दीत इअरफोन लावूनही ज्यांना धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना दोनदा आलेली वाक्यं आणि मध्येच ओरडणारा कोंबडा तेवढा काढलाय. बाकी जसं बोलणं झालं तसं.

पाहुणे या वेळी लांबचे नाहीत. आमच्या सरावलीतलेच एक काका. १९८४ साली हवाई दलात भरती झाले, २० वर्षं नोकरी करून २००४ मध्ये बाहेर पडले, मग बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. आता घरीच असतात. "नाव घेऊ नकोस, नाहीतर गावात मला पायलट करून टाकतील," असं त्यांनी आधीच बजावलं. म्हणून आपण त्यांना नुसतं काका म्हणू.

विषय निघाला तो मिग-२१ मुळे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हे विमान हवाई दलातून निवृत्त झालं. १९६३ पासून तब्बल ६२ वर्षं ते सेवेत होतं. त्या आठवड्यात तुमच्याही फोनवर त्याचे रील्स आले असतीलच. मी फोन घेऊन काकांकडे गेलो आणि विचारलं, "काका, हे उडवलंय तुम्ही?"

"नाही रे बाबा. मी सोडलंय," काका म्हणाले. "उडवणारे वेगळे. आम्ही सोडायचो."

हे 'सोडणं' म्हणजे काय, एवढाच आजच्या भागाचा विषय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. हवाई दलात गेला म्हणजे विमान उडवतो, असं आपल्याकडे सर्रास समजतात. खरं तर उडवणारे फार थोडे. ते अधिकारी असतात. तळावरचं बाकी सगळं काम ज्यांच्या हातून होतं ते वायुसैनिक. त्यांच्या हुद्द्यांची शिडी वेगळी आहे: एअरक्राफ्ट्समन, लीडिंग एअरक्राफ्ट्समन, कॉर्पोरल, सार्जंट, मग वॉरंट ऑफिसरचे तीन टप्पे. काका सार्जंट म्हणून निवृत्त झाले.

भरती झाली मुंबईत. वायुसैनिकांचं निवड केंद्र कॉटन ग्रीनला आहे, म्हणजे हार्बर लाइनवर. पहिलं प्रशिक्षण बेळगावजवळ सांबऱ्याला. "गेटच्या बाहेर चहावाल्याशी मराठी, गेटच्या आत सगळी हिंदी, आणि परेड ग्राउंडवर फक्त शिव्या," असं त्यांनी त्या महिन्यांचं वर्णन केलं. पुढे ट्रेड मिळाला. ट्रेड म्हणजे तुमचं विमानावरचं खातं. कुणाकडे विमानाचा सांगाडा, कुणाकडे इंजिन, कुणाकडे वीज, कुणाकडे उपकरणं, रेडिओ, शस्त्रं. काकांना इंजिन मिळालं. त्याचं शिक्षण चेन्नईजवळ तांबरमला झालं आणि तिथून उत्तरेकडच्या एका तळावर, मिग-२१ च्या स्क्वाड्रनमध्ये नेमणूक.

आता त्या तळावरची एक सकाळ बघू. हा भाग मी काकांना तीनदा सांगायला लावला, कारण मला तो समजतच नव्हता.

पायलट यायच्या दोन-अडीच तास आधी हे लोक विमानाजवळ पोहोचायचे. हिवाळ्यात अंधारच असायचा. विमानाच्या तोंडावर आणि शेपटीकडे लाल झाकणं लावलेली असतात, आत पक्षी, पानं, उंदीर जाऊ नयेत म्हणून. ती निघतात. मिग-२१ चं तोंड म्हणजे नाकावरचं गोल भोक, मध्ये शंकूसारखा भाग. त्या भोकातून इंजिनाला हवा जाते. काका बॅटरी घेऊन त्या भोकात डोकं घालून आत बघायचे. इंजिनाच्या पुढच्या पात्यांना कुठे खाच पडलीय का, कुठे काही चमकतंय का. मग तेल, मग गळती, मग पॅनेलचे स्क्रू एकेक करून. टायरवाला टायर बघतो, वीजवाला बॅटरी बघतो, इंधनाचा टँकर येतो. इंधन भरताना आधी विमानाला अर्थिंगची तार लावायची, कारण एक ठिणगीही महागात पडते. ऑक्सिजन भरणाऱ्याच्या हाताला ग्रीस चालत नाही, कारण शुद्ध ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं की पेट घेऊ शकतं.

आणि मग येते वही. तिला सगळे फॉर्म ७०० म्हणतात. ब्रिटिशांच्या हवाई दलातून आलेलं हे नाव आपल्याकडेही टिकलं. प्रत्येक विमानाची स्वतंत्र वही. काल काय बिघडलं, काय बदललं, किती इंधन भरलं, कुणी तपासलं, सगळं तिच्यात. प्रत्येक ट्रेडचा माणूस आपापल्या कामाखाली सही करतो, त्यावर सुपरवायझरची सही, आणि सगळ्यात शेवटी पायलटची. पायलटची सही म्हणजे 'मी हे विमान ताब्यात घेतलं'. ती झाल्याशिवाय तो शिडी चढत नाही.

"पायलट माझं काम परत तपासू शकतो का? नाही," काका म्हणाले. "तो विमानाभोवती एक फेरी मारतो, टायरवर हात ठेवतो, नाकात डोकावतो. पण इंजिनाच्या आत मी काल काय केलं ते त्याला दिसत नाही. त्याला दिसते माझी सही. तो त्या सहीवर बसतो."

इथे माझी थोडी चूक कबूल करतो. मी अप्रेंटिस होतो तेव्हा एका कारखान्यात दर तासाला मीटरचं रीडिंग लिहायचं काम होतं. मी आणि माझा जोडीदार शिफ्ट संपताना आठही तासांची रीडिंग एका दमात भरायचो. जरा इकडे, जरा तिकडे. आमच्यापैकी ज्यांनी एमआयडीसीत काम केलंय ते आता हसत असतील. मी हे काकांना हसत हसतच सांगितलं. ते हसले नाहीत. काही बोललेही नाहीत. चहा घेतला आणि पुढचं सांगायला लागले.

पायलट कॉकपिटमध्ये बसला की एक जण शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळतो. खुर्चीखाली स्फोटकं असतात, कारण संकटात तीच खुर्ची पायलटला बाहेर फेकते. जमिनीवर चुकून ती सुटली तर जवळचा माणूस जिवंत राहणार नाही. म्हणून तिच्यात पिना घातलेल्या असतात, प्रत्येक पिनेला लाल पट्टी. उड्डाणाआधी या पिना काढायच्या, पायलटला हातात धरून दाखवायच्या, मोजायच्या. एखादी पिन राहिली तर गरजेच्या वेळी खुर्ची सुटणार नाही. म्हणजे पिन असली तर वर पायलटला धोका, नसली तर खाली तंत्रज्ञाला. मला हे ऐकून अंगावर काटा आला.

इंजिन सुरू झालं की बोलणं बंद. आवाजच तेवढा. मग सगळं हातांच्या खुणांनी. हा ब्रेक सोड, ती फ्लॅप्स खाली कर, थांब, अंगठा वर. पुढे उभं राहायचं नाही, कारण विमान हवा खेचतं, टोपी सहज ओढून नेतं, आणि माणूसही. मागे उभं राहायचं नाही, कारण तिथे आग आहे. शेवटी चाकांपुढचे ठोकळे काढायचे, बाजूला होऊन सलाम ठोकायचा. "तो सलाम झाला की विमान सुटलं. मग पाऊण तास बिडी ओढायची सोय नाही, चहा घशाखाली उतरत नाही. परत आलेलं दिसलं की भूक लागते."

परत येण्याचीही गंमत ऐका. मिग-२१ खूप वेगात उतरतं, नुसत्या ब्रेकवर थांबत नाही. धावपट्टीला टेकलं की मागून एक पॅराशूट उघडतं, ते विमानाला मागे ओढतं. धावपट्टीच्या शेवटी पायलट ते टाकून देतो. मग एक गाडी जाऊन ते गोळा करते. ते तपासायचं, वाळवायचं, घडी घालून पुन्हा भरायचं. पावसाळ्यात ओली पॅराशूटं वाळवता वाळवता लोक रडकुंडीला यायचे. आपल्याकडे जुलैमध्ये युनिफॉर्म वाळत नाही ना, तसंच. फक्त इथे न वाळलेला कपडा नीट उघडला नाही तर विमान धावपट्टीच्या पलीकडे.

आता ज्यासाठी मी हा भाग केला तो मुद्दा.

तळावर रोज सकाळी एक विचित्र दृश्य दिसतं. वीस-पंचवीस माणसं खांद्याला खांदा लावून, मान खाली घालून, विमानं उभी राहतात त्या फरशीवरून हळूहळू चालताहेत. देवाची पालखी चालावी तशी. खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, बाटलीचं झाकण, काहीही दिसलं की उचलून खिशात. याला फॉड वॉक म्हणतात. फॉड म्हणजे बाहेरच्या वस्तूने विमानाचं होणारं नुकसान. इंजिन हवेबरोबर खडाही खेचतं, आणि हजारो फेऱ्यांनी फिरणाऱ्या पात्यावर खडा आपटला की पातं तुटतं, तुटलेलं पातं पुढची पाती तोडतं.

हे फक्त लढाऊ विमानांचं नाही. २५ जुलै २००० ला पॅरिसहून निघालेलं काँकॉर्ड विमान आठवतंय का? तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म नसेल. आधी उडालेल्या दुसऱ्या एका विमानातून धातूची एक पट्टी धावपट्टीवर पडली होती. फूट-दीड फुटाची. काँकॉर्डचं चाक तिच्यावरून गेलं, टायर फुटला, त्याचा तुकडा पंखातल्या इंधनाच्या टाकीवर आदळला. आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४, एकूण ११३ जण गेले.

म्हणून हत्यारांचा हिशोब. प्रत्येक पेटीत, प्रत्येक फळीवर, हत्याराच्या आकाराची जागा कोरलेली किंवा रंगवलेली असते. पाना उचलला की त्याची सावली रिकामी दिसते. प्रत्येक पान्यावर पेटीचा नंबर कोरलेला. काम सुरू करताना मोजायचं, संपल्यावर मोजायचं. एक जरी कमी निघाला तरी ते विमान उडणार नाही. सापडेपर्यंत नाही.

काकांच्या नोकरीचं तिसरं वर्ष. कुठला तळ, ते सांगत नाही. रात्रपाळीत एका विमानाचं काम संपलं, साडेअकराला पेटी मोजली, आणि एका छोट्या पान्याची जागा रिकामी. विमान सकाळच्या पहिल्या उड्डाणाला लावलेलं.

"बाजूच्या पेटीवर माझा दोस्त होता. तो म्हणाला, माझा घे, तुझी पेटी पूर्ण दाखव, सकाळी बघू. नंबर कोण वाचतंय रात्री बारा वाजता? आणि खरं सांगतो, मी तो पाना हातात घेतला होता. दहा मिनिटं घेऊन उभा होतो. मला सार्जंटची भीती, शिक्षेची भीती. पोराचं वय, २२-२३. पाना विमानात नसणारच, असं मी स्वतःला सांगत होतो."

मग?

"मग मी जाऊन सांगितलं. का सांगितलं, ते मलाही नीट माहीत नाही. शूर वगैरे नव्हतो मी. त्या विमानाचा पायलट दोन दिवसांपूर्वी मुलगी झाली म्हणून पेढे वाटून गेला होता. पेढा खाल्ला होता ना मी."

सार्जंटने ओरडा केला नाही. त्याने घड्याळ बघितलं आणि सगळ्यांना उठवलं. जी पॅनेल बंद केली होती ती सगळी परत उघडली. बॅटऱ्या, आरसे, चुंबक लावलेल्या काठ्या. फरशी झाडली. कचऱ्याची टोपली उलटी केली. दोन वाजले, तीन वाजले. साडेचारच्या सुमाराला पाना सापडला: विमानात नाही, तर विमान ओढणाऱ्या ट्रॉलीच्या खाचेत, ग्रीसमध्ये रुतलेला.

म्हणजे काकांनी स्वतःला जे सांगितलं होतं ते बरोबरच होतं. पाना विमानात नव्हताच. तरी पाच तास, आठ माणसं आणि सकाळचं उड्डाण गेलं. मी विचारलं, मग वाया गेलं म्हणायचं का? काका म्हणाले, "सापडल्यावर कळलं ना तुला, की विमानात नव्हता." पायलट सकाळी आला, विमान रांगेत नाही म्हणून विचारलं, कारण ऐकलं आणि यांच्याबरोबर बसून चहा पिऊन गेला. त्यावर कुणी भाषण दिलं नाही. काकांना लेखी समज मिळाली, ती त्यांच्या कागदांत अजून असेल.

जिथे 'असेलच कुठेतरी' म्हणून सोडून दिलं, तिथे काय झालं त्याचंही एक उदाहरण देतो. मार्च २०२३, अमेरिकेतल्या ॲरिझोनामधला ल्यूक तळ. जगातल्या सगळ्यात आधुनिक विमानांपैकी एक, एफ-३५. तंत्रज्ञाने हातातली छोटी बॅटरी इंजिनाच्या तोंडात विसरली. काम झाल्यावर हत्यारं मोजायचा नियम होता, तो पाळला गेला नाही. इंजिन सुरू केलं, बॅटरी आत गेली. विमान जमिनीवरच होतं म्हणून कुणी दगावलं नाही. नुकसान जवळपास ४० लाख डॉलर. काकांना ही बातमी मी वाचून दाखवली तर ते एवढंच म्हणाले, "बॅटरीला दोरी बांधतात रे."

पुढे काकांची बदली पुण्याला, लोहगावला झाली. तुमच्यापैकी कुणी पुण्याहून विमानाने गेलं असेल तर तुम्ही हा तळ बघितलाय, फक्त लक्षात आलं नसेल. प्रवासी विमानं आणि हवाई दलाची विमानं तिथे एकच धावपट्टी वापरतात. खिडकीतून सुखोई दिसलं तर फोटोचा मोह आवरा, तिथे परवानगी नाही. हा तळ १९३९ चा, ब्रिटिशांनी मुंबईच्या बचावासाठी उभारलेला. आणि लोहगाव म्हणजे तुकोबांचं आजोळ, हे काकांना तळावरच्या एका माळकरी हवालदाराकडून कळलं. १९८७ मध्ये मिग-२९ पहिल्यांदा इथेच आली, १९९७ मध्ये पहिली सुखोई-३० सुद्धा इथेच.

सुखोई आली तेव्हा काका १३ वर्षांचे अनुभवी. "आणि एका दिवसात परत नवशिका झालो. मिग-२१ ला एक इंजिन, हिला दोन. लांबीला दीडपट. मी तिच्या पोटाखाली उभा राहून वर बघत होतो, लग्नाच्या मांडवात उभं राहिल्यासारखा."

लोहगावची मोठी डोकेदुखी म्हणजे घारी. तळाभोवती वस्ती वाढली, कचरा वाढला, कचऱ्यावर घारी आल्या. किलोभराची घार तासाला पाचशे किलोमीटरच्या वेगाने आलेल्या विमानावर आपटली तर काय होतं, ते तुम्हीच विचार करा. फटाके लावून, बंदुकीचे बार काढून पक्षी हाकलायला माणसं नेमलेली असतात. बाहेर उघड्यावर टाकलेली मटणाची पिशवी आतल्या इंजिनापर्यंत पोहोचते, हे मला तरी नवीन होतं.

तळ चालवायला तळाबाहेरचे लोक किती लागतात, याची सगळ्यात मोठी गोष्ट १९७१ ची आहे, भुजची. डिसेंबरमध्ये पाकिस्तानी विमानांनी भुजची धावपट्टी बॉम्ब टाकून उखडली. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, आपले नागपूरचे. विमानं आहेत, पायलट आहेत, पण धावपट्टीच नाही. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका आल्या आणि ७२ तासांत धावपट्टी दुरुस्त करून दिली. हल्ल्याचा भोंगा वाजला की झुडपांत लपायचं, थांबला की परत घमेली उचलायची. वरून दिसू नये म्हणून फिकट हिरव्या साड्या नेसायला सांगितलं होतं. २०२१ मध्ये यावर सिनेमा आला, अजय देवगणने कर्णिकांचं काम केलं. सिनेमात स्फोट जरा जास्तच आहेत. मला विचाराल तर घमेली जास्त दाखवायला हवी होती.

आता तुमचे प्रश्न. मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला: अग्निवीर वायूसाठी जावं का? माहिती एवढी: योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली, सेवा ४ वर्षांची, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना पुढे कायम ठेवतात. बारावीला गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी असेल किंवा इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असेल तरी चालतं, विज्ञानाशिवायही एक वाट आहे. नेमक्या अटी दर भरतीच्या जाहिरातीत बघा, फॉरवर्ड मेसेजवर विश्वास ठेवू नका. काकांचं मत मी विचारलं. ते जरा थांबून म्हणाले, "जा. हात तयार होतो. पण मला एक विमान कळायला पाच वर्षं लागली, हेही सांग त्यांना." मी दोन्ही सांगितलं.

नाशिकजवळच्या ओझरचाही विचार करा. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या तिथल्या कारखान्यात ६०० हून जास्त मिग-२१ तयार झाली, मग सुखोई, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. बाजूलाच हवाई दलाचा दुरुस्ती डेपो आहे. आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

शेवटचं. ऐकताना तुमच्या लक्षात आलं असेल की काका फार मोठ्याने बोलतात आणि मीही ओरडून विचारतोय. आमचं भांडण नव्हतं. वीस वर्षं इंजिनाच्या बाजूला काढल्यावर त्यांचा डावा कान जवळपास गेलाय, उजव्यात सतत शिट्टी वाजते. कानावर लावायचे मफ मिळायचे, पण उन्हाळ्यात घामाने कान शिजायचे आणि इंजिनाचा बारीक फरक त्यातून ऐकू यायचा नाही, म्हणून तरुणपणी ते काढून ठेवायचे. कुणी जबरदस्ती केली नव्हती, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आता डोक्यावरून मुंबईकडे विमान गेलं की नातू बोट दाखवतो, मग ते वर बघतात. एमआयडीसीत कॉम्प्रेसरजवळ किंवा लूमजवळ काम करणाऱ्यांनो, तुमचे मफ कुठे आहेत?

काकांना अजून काही विचारायचं असेल तर पाठवा, पुढच्या महिन्यात परत बसणार आहोत. फक्त व्हॉइस नोट पाठवू नका. लिहून पाठवा, ते स्वतः वाचतील.